सोमवारी सकाळी दुखणारं पोट

रविवारी संध्याकाळपासून मूल गप्प होतं. जेवण अर्धवट टाकतं, झोपायला वेळ लावतं, रात्री उठून आईच्या अंथरुणात येतं. सोमवारी सहाला हाक मारली की पोट दुखायला लागतं. दात घासताना मळमळतं, गणवेशाची बटणं लावताना रडू फुटतं. खाली व्हॅनचा हॉर्न वाजतो तेव्हा दुखणं अगदी असह्य झालेलं असतं. आजच्या दिवस राहू दे, असं कुणीतरी म्हणतं. व्हॅन निघून जाते. साडेनऊच्या सुमाराला तेच मूल पोहे मागून खातं आणि खेळात रमतं.

हे पाहून घरातलं मोठं माणूस 'नाटकं आहेत सगळी' म्हणालं, तर नवल नाही. दिसतं तसंच. पण हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्यापायी मुलांचे महिनेच्या महिने, कधीकधी वर्षंही वाया जातात. मुलं मनातलं आधी शरीरातून सांगतात, मग वागण्यातून. शब्दांतून सांगितलंच, तर सगळ्यांत शेवटी. आठ वर्षांच्या मुलाला 'मला चिंता वाटते' असं म्हणता येत नाही. 'पोटात कसंतरी होतंय' एवढं म्हणता येतं. तेवढं त्याने सांगितलं की ऐकणाऱ्याचं काम सुरू होतं.

पोट खरोखर दुखत असतं. भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं काम मागे पडतं. जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, म्हणून मळमळतं. मोठं आतडं उलट घाईला येतं, म्हणून निघायच्या वेळी दोन-तीनदा संडासला जावं लागतं. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत संपर्कात असतं. भीतीचं कारण टळलं की हा सगळा गोंधळ हळूहळू निवतो. व्हॅन गेल्यावर पोट थांबतं ते यामुळे, मुलाने ठरवून थांबवलं म्हणून नव्हे.

ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी एका सहकाऱ्यासह हजार शाळकरी मुलांची पाहणी केली आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचे व्यवहार थांबावेत इतकं पोट दुखलेली मुलं त्यांना दर दहांत साधारण एक अशी आढळली. त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात शारीरिक बिघाड सापडला. ॲप्ले यांनी एक ठोकताळाही दिला, तो आजही बालरोगतज्ज्ञ वापरतात: दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त.

तरीही पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाचीच. दुखण्यामुळे मूल झोपेतून जागं होत असेल, वजन घटत असेल, उंची वाढायची थांबली असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार ताप किंवा उलट्या होत असतील, तर मनाचा विचार बाजूला ठेवून आधी तपासण्या. डोळे आणि कान तपासणं तर कायम राहूनच जातं. फळ्यावरचं न दिसणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षभर बोलणी खातं. तपासण्या स्वच्छ आल्या की मात्र 'म्हणजे काही झालेलं नाही' असं म्हणून विषय बंद करू नये. पोटात बिघाड नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक साधी वही फार उपयोगी पडते. दोन-तीन आठवडे रोज पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, वार, दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, आणि त्या दिवशी शाळेत काय होतं. पाचवा रकाना सगळ्यांत बोलका असतो. समजा, तिसरीतली एक मुलगी आहे. वहीत दिसतं की सोमवारी तिचं पोट दुखतंच, पण बुधवार आणि शुक्रवारही चुकत नाहीत. वेळापत्रक काढून पाहिलं तर त्या तिन्ही दिवशी मराठीचा तास दुपारच्या सुट्टीआधी आहे आणि त्यात एकेकाला उभं करून धडा वाचायला लावतात. मग घरी तिला शेजारी बसवून वाचून घेतलं. ती जोडाक्षरापाशी अडते, ओळ सोडते, शब्दाचं पहिलं अक्षर पाहून बाकीचा अंदाजाने म्हणते. पण परवाच शिकवलेला धडा तिला तोंडपाठ आहे. म्हणजे बुद्धी आणि कष्ट दोन्ही आहेत, पण अक्षरं दाद देत नाहीत. आपण ज्याला शाळेची भीती समजत होतो, तिच्या मुळाशी अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता निघाली. तिची रीतसर चाचणी होते. महाराष्ट्र सरकार १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती देत आलं आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे.

दुसऱ्या घरातली वही दुसरंच सांगेल. शाळेच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि निघायच्या वेळी तिला घाम फुटतो. व्हॅनमध्ये मागच्या सीटवरची मोठी मुलं रोज डबा हिसकावतात. एखादे सर पट्टीने मारतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ मध्येच बंदी घातली, तरी काही वर्गांत ते चालू असतं. आजोबा गेल्यापासून आपण शाळेत असताना आईला काही झालं तर, हा विचार मुलाच्या डोक्यातून जात नाही. घरात रात्री भांडणं होतात आणि आपण घरी असलो तर बाबा हात उचलत नाहीत, असं मुलाने स्वतःशी पक्कं केलेलं असतं. बाहेरून सगळ्यांचं रूप एकच: शाळेत जायचं नाही. म्हणून 'शाळेत का जात नाहीस?' या प्रश्नाला मुलाकडून नीट उत्तर मिळत नाही. 'मधल्या सुट्टीत तू कुठे बसतोस? कोण असतं शेजारी?' असं विचारलं तर बरंच काही कळतं. भाजी निवडताना किंवा स्कूटरवर मागे बसलेला असताना विचारलं, तर अधिकच. समोरासमोर बसवून डोळ्यांत डोळे घालून घेतलेल्या चौकशीत मुलं मिटून जातात. आणि कारण खरंच संडासाची कडी असेल किंवा सरांची पट्टी असेल, तर उपचार मुलावर नव्हे, शाळेत जाऊन करायचा असतो.

आता सगळ्यांना सतावणारा प्रश्न. हट्ट, रडणं, भीती हे तर बालपणात असायचंच. मग काळजी कधी करायची? वयाचा हिशोब आधी मांडावा लागतो. वर्ष-दीड वर्षाचं मूल आई दिसेनाशी झाली की आकांत करतं, ते निरोगीपणाचंच लक्षण आहे. चार वर्षांच्या मुलाला अंधाराची आणि बागुलबुवाची, सात-आठ वर्षांच्या मुलाला चोरांची, आजारपणाची, मरणाची भीती वाटते. बारा-तेराव्या वर्षी चारचौघांत आपलं हसं होईल ही धास्ती असते. या भीती येतात आणि जातात. दहा वर्षांचं मूल आई दुकानात गेली तरी दर पाच मिनिटांनी फोन करत असेल, तर ती भीती आपलं वय सोडून पुढे आली आहे.

त्याहून महत्त्वाची खूण दुसरी. मुलाचं जग आकसतंय का ते पाहायचं. आधी वाढदिवसांना जायचं बंद होतं, मग खाली खेळायला जाणं, मग मामाकडे राहायला जाणं, शेवटी शाळा. आवडीच्या गोष्टीही सुटायला लागल्या, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं, आणि घर, शाळा, मित्र यांतल्या दोन-तीन ठिकाणी दिसायला लागलं, की थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती जगभर वापरली जाते. तिला जोडलेल्या पुरवणीत नेमकं हेच विचारलेलं असतं: या अडचणीमुळे मुलाचं घरातलं वागणं, मैत्री, अभ्यास आणि खेळ यांत किती अडथळा येतो? माझ्या मते लक्षणांच्या लांबलचक याद्यांपेक्षा पालकांनी हा एक प्रश्न जवळ बाळगावा. याद्या वाचून घाबरलेले पालक प्रत्येक नख कुरतडणाऱ्या मुलात आजार शोधतात आणि खरोखर त्रासात असलेलं, शांत बसणारं, पहिल्या बाकावरचं मूल त्यांच्या नजरेतून सुटतं.

शांत मुलांविषयी दोन शब्द जास्त लिहायला हवेत. वस्तू फेकणारं, मारामारी करणारं मूल कुणाच्या तरी डोळ्यावर येतं. शाळा पालकांना बोलावते, निदान तक्रार तरी होते. मनातल्या मनात कुढणाऱ्या मुलाची तक्रार कुणीच करत नाही. उलट 'किती समंजस आहे' असं कौतुक होतं. निबंधाची वही पुन्हापुन्हा फाडून नव्याने लिहिणारी, ९४ गुण मिळाले म्हणून रात्रभर रडणारी, घरी अखंड बडबड करणारी पण शाळेत वर्षभर तोंड न उघडलेली, अशी मुलं वर्गशिक्षिकेला त्रास देत नाहीत. एकदा सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, केसांत हात घालून ते उपटण्याची सवय लागली, तर तेही याच कुळातलं समजावं.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं, ग्रामीण भागात ६.९. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार नाही. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भीती आपोआप का जात नाही, हे नीट समजलं की उपचारही समजतो. मुलाला शाळेची धास्ती वाटते, पोट दुखतं, आपण घरी ठेवतो, धास्ती लगेच उतरते. त्या क्षणी मेंदू एक धडा घेतो: गेलो नाही म्हणून वाचलो. उद्या तो आणखी जोराने धोक्याची सूचना देणार. टाळण्याने मिळणारी सुटका सावकाराच्या कर्जासारखी असते. आजची नड भागते आणि व्याज चढत जातं. एक दिवसाची रजा आठवड्याची होते, आठवड्यात बुडालेला अभ्यास हे नवं भय होऊन बसतं, आणि 'इतके दिवस कुठे होतास?' हा मित्रांचा प्रश्न त्याहून मोठं.

घरात सहसा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दोन रट्टे द्या, सरळ होईल. दुसरा म्हणतो, लेकरू कळवळतंय, नको पाठवू. पहिल्याने भीतीत भीतीची भर पडते. मूल कदाचित जाईलही, पण त्यानंतर घरी काही सांगणार नाही. दुसऱ्याने टाळणं पक्कं होतं. आजी दृष्ट काढते, मीठमोहऱ्या ओवाळते. त्या मायेने मुलाला बरंच वाटतं आणि त्यात वावगं काही नाही, फक्त त्या भरवशावर सहा महिने काढू नयेत. या दोन पक्षांच्या भांडणात मूल आपल्यालाच कारण समजतं, हे मात्र दोघांनीही ओळखायला हवं.

यातून बाहेर पडण्याची वाट शंभर वर्षांपूर्वीच सापडली आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाने प्रसिद्ध झालेल्या एका लहान मुलाची हकिकत लिहिली. तो तीन वर्षांचाही नव्हता आणि सशाला, पांढऱ्या लोकरीला, कापसालासुद्धा घाबरायचा. जोन्स यांनी त्याला आवडीचा खाऊ देऊन बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला. पीटर खाण्यात रमलेला असताना पिंजरा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. न घाबरणाऱ्या मुलांनाही त्याच्याबरोबर सशाशी खेळायला ठेवलं. मध्ये पीटर आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्यामुळे पुन्हा घाबरला आणि बरंच मागे जावं लागलं. शेवटी तो ससा मांडीवर घेऊन बसला. आज मुलांच्या चिंतेवर जी वर्तन-उपचारपद्धती वापरतात तिचा कणा हाच आहे: भीतीच्या दिशेने, पण मुलाच्या पावलाने.

शाळेच्या बाबतीत या पायऱ्या मुलाला बरोबर घेऊनच ठरवतात. एका कागदावर शिडी काढतात आणि प्रत्येक पायरीला मूलच शून्य ते दहा गुण देतं. संध्याकाळी गणवेश न घालता शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येणं, तीन. गणवेश घालून, पाच. शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेला वर्गात भेटून आपल्या बाकावर पाच मिनिटं बसणं, सहा. फक्त चित्रकलेच्या तासाला बसणं, सात. दुपारच्या सुट्टीपर्यंत, आठ. प्रार्थनेला मैदानात सगळ्यांबरोबर उभं राहणं हे काही मुलांना दहापैकी दहा वाटतं. मग त्यांना पहिले काही आठवडे प्रार्थनेच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत बसू देतात. प्रत्येक पायरीवर भीती आधी चढते आणि मूल तिथेच थांबलं तर काही वेळाने उतरते. भीती उतरते हे त्याच्या शरीराला अनुभवातून कळतं. दहा वेळा समजावून सांगून ते कळत नाही. ती वर असतानाच घरी परत आणलं, तर मात्र जुनाच धडा पक्का होतो. म्हणून पायरी लहान ठेवायची, पण पूर्ण करायची. पहिल्या महिन्यात मूल वर्गात चाळीस मिनिटंच बसलं तरी ती प्रगती धरावी. याला शाळेचं सहकार्य लागतं आणि ते मिळवण्यासाठी पालकांना मुख्याध्यापकांकडे जावं लागतं, तज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन.

याचा गुण किती येतो? अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या, चिंताविकार असलेल्या ४८८ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या वर्तन-उपचाराने सुमारे ६० टक्के मुलांना चांगला गुण आला, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्क्यांना, दोन्ही मिळून ८१ टक्क्यांना. नावापुरत्या गोळीने २४ टक्क्यांना. हे आकडे बघून दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत, तिचा परिणाम मोजता येतो. आणि औषधाचं नाव काढलं की घाबरून उठून जाण्याचं कारण नाही. सर्ट्रालिनसारख्या औषधांची नशा चढत नाही, ती झोपेची गोळी नव्हे. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं लागतं आणि ती स्वतःच्या मनाने अचानक बंद करायची नसतात. लहान मुलांमध्ये आणि सौम्य त्रासात बहुतेक वेळा औषधाशिवायच सुरुवात होते.

मूल थेरपीला यायलाच तयार नसेल तरी दार बंद होत नाही. येल विद्यापीठातले इलाय लिबोविट्झ यांनी फक्त पालकांना शिकवण्याची एक पद्धत बसवली. मुलाच्या भीतीपायी घराने स्वतःला किती मुरड घातली आहे, हे आधी मोजायचं: कोण त्याच्याजवळ झोपतं, किती वेळा 'काही होणार नाही ना?' याचं उत्तर द्यावं लागतं, कुणाकडे जाणं सोडलं. मग एकेक सवलत मुलाला आधी सांगून, शांतपणे काढून घ्यायची आणि 'तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे निभावशील अशी माझी खात्री आहे' ही दोन्ही वाक्यं एकत्र बोलायची. मुलांना थेट दिलेल्या उपचाराइतकाच याचा उपयोग झाल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं. आपल्या घरांना हे फार लागू पडतं, कारण आपल्याकडे मुलाच्या भीतीभोवती आई-बाबांसकट आजी-आजोबाही उभे असतात.

जायचं कुणाकडे, हा गोंधळ फार आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, निदान करतात, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ती विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे. समुपदेशकांचं शिक्षण मात्र खूप वेगवेगळं असतं, अगदी काही आठवड्यांच्या कोर्सपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत. म्हणून संकोच न करता विचारावं: शिक्षण काय, मुलांबरोबर किती काळ काम केलंय, कोणती पद्धत वापरणार, मला काय करावं लागेल, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार? नीट काम करणाऱ्याला हे प्रश्न आवडतात. पहिल्याच भेटीत पाच मिनिटांत लेबल लावणाऱ्यापासून किंवा 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

मुंबईत मुलांसाठीचं पहिलं मार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये निघालं, नागपाड्यात आदल्या वर्षी सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या वतीने. देशातलंही ते पहिलंच. तेव्हापासून आतापर्यंत सोयी वाढल्या, पण त्या मोठ्या शहरांत एकवटल्या. मुंबईत केईएम, शीव, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथला खर्च नाममात्र आहे; ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते. गावाकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात; वाढीतले आणि शिकण्यातले दोष टिपणं हे त्यांच्या कामात धरलेलं आहे आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. पथक आलं की मुलाच्या बोलण्या-वागण्याविषयीही त्यांना सांगावं. वजन-उंचीच्या घाईत ते राहून जातं. जवळपास काहीच नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. आश्रमशाळेतल्या किंवा ऊसतोडीला आई-बाप गेल्यावर मागे राहिलेल्या मुलाचं रविवारचं गप्प होणं टिपायला घरचं कुणी नसतं. तिथे अधीक्षक आणि शिक्षक हेच पालक, आणि हा क्रमांक त्यांच्याही कामाचा आहे.

वयात आलेल्या मुलांत चित्र बदलतं. नैराश्य आलेला पंधरा वर्षांचा मुलगा उदास दिसेलच असं नाही. तो चिडका, तुसडा दिसतो. रात्रभर जागतो, दिवसा झोपतो, क्लास बुडवतो, क्रिकेटची बॅट माळ्यावर टाकतो. 'वयच तसं आहे' म्हणून यातलं बरंच खपून जातं. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालणं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, एकांतात, सरळ विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने ते मनात भरवलं जात नाही. अभ्यास उलट सांगतात की विचारल्याने मन मोकळं होतं. उत्तर 'हो' आलं तर उपदेश करू नये, रागावू नये, देवाची शपथ घालू नये. जवळ थांबावं, घरातली कीटकनाशकं, गोळ्या, दोर हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत आणि १४४१६ वर फोन करून किंवा थेट रुग्णालयात जाऊन त्याच दिवशी मदत घ्यावी. देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मूल घरात एकटं राहणार नाही एवढं तरी प्रत्येक घराने पाहावं.

पहिल्या भेटीला नेताना मुलाशी खोटं बोलू नये. 'मॉलमध्ये जाऊ' म्हणून दवाखान्यात नेलेलं मूल पुढच्या वेळी गाडीत बसत नाही. लहानाला सांगावं: 'सकाळी पोटात कसंतरी होतं ना, त्यावर उपाय माहीत असलेल्या ताई आहेत. त्या सुई टोचत नाहीत. तुझ्याशी खेळतील, चित्रं काढतील.' मोठ्याला सांगावं की तू एकट्यात काय बोललास ते मी विचारणार नाही. जिवाला धोका असेल तेवढंच थेरपिस्ट मला सांगतील. आणि हा शब्द पाळावा. बाहेर आल्या आल्या 'काय विचारलं? तू काय सांगितलंस?' ही झडती नको. लहान मुलांचा उपचार बाहुल्या, वाळू, रंग, गोष्टी यांतूनच चालतो, म्हणून 'नुसतं खेळायचे पैसे घेतात' असं वाटलं तर थेरपिस्टनाच विचारावं. त्या खेळात काय चाललंय ते त्या सांगतील. साधारणपणे आठवड्याला एक बैठक, अशा बारा-पंधरा बैठकांत चिंतेच्या त्रासात फरक दिसायला हवा. सहा-आठ बैठकांनंतर काहीच हललं नाही तर पद्धत किंवा माणूस बदलण्याविषयी मोकळेपणाने बोलावं; मूल बिघडलेलं आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि बरं झालेल्या मुलाचं पोट दिवाळीच्या सुट्टीनंतर, विशेषतः मे महिन्याच्या मोठ्या सुट्टीनंतर, पुन्हा दुखू शकतं. ते अपेक्षितच आहे आणि त्याने आधीचं काम वाया जात नाही. सुट्टीभर शाळेचा संबंध आला नाही की टाळण्याची सवय पुन्हा डोकं वर काढते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून मुलाला पुन्हा सहाला उठवावं, नव्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालताना त्याला हाताशी घ्यावं, दोन-तीन संध्याकाळी फाटकापर्यंत फिरून यावं, नव्या वर्गशिक्षिका कोण ते कळलं असेल तर आधीच भेट घालून द्यावी. जुनी शिडी असलेला कागद जपून ठेवला असेल तर तो काढावा. या वेळी सुरुवात तीनच्या पायरीवरून नव्हे, बहुधा सातवरून होते.